भाड्याच्या घराचा विमा: मालकाचा कुठवर, भाडेकरूचा कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये आग लागते किंवा पाइप फुटून घरभर पाणी होते, तेव्हा पहिल्या दिवशी सगळे मदतीला धावतात आणि तिसऱ्या दिवशी वाद सुरू होतो. मालक म्हणतो, घर तुमच्या ताब्यात होते, नुकसान तुम्ही भरा. भाडेकरू म्हणतो, वायरिंग तुमचे, तेही जुनाट. आमचा काय संबंध? सोसायटीचे सेक्रेटरी मध्येच सांगतात, ‘अहो, बिल्डिंगचा विमा आहे की!’ मग पॉलिसीची शोधाशोध होते आणि ती सापडली की कळते, तिघांनी जे गृहीत धरले होते त्यातले बरेचसे तिच्यात नाहीच.

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर वापरायला परवाना देणाऱ्या कराराचा, नेहमीचा मसुदा काढून पाहा. भिंतीला खिळे ठोकू नयेत, पाहुणे किती दिवस राहावेत, रंगरंगोटीचे पैसे कोणी द्यावेत, सारे तपशिलात लिहिलेले असते. विम्याबद्दल बहुधा एक ओळही नसते. ही उणीव वाटते त्यापेक्षा महाग पडते, कारण कायदा ती आपोआप भरून काढत नाही. जुन्या पद्धतीच्या भाडेपट्ट्याला, म्हणजे लीजला, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम १०८ लागू होते. त्यानुसार भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत करायचे असते. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि कोणाच्याच हाती नसलेली आपत्ती एवढाच अपवाद. आग, वादळ किंवा पुराने घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा पर्याय भाडेकरूला आहे, मात्र नुकसान त्याच्याच चुकीने झालेले नसावे. आज शहरांत होतात ते बहुसंख्य करार लीजचे नसून परवान्याचे असतात. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५२ नुसार असा परवाना घेणाऱ्याला जागेत कोणताही हितसंबंध मिळत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. त्यामुळे तिथे करारात जे लिहिले तेवढेच खरे. आणि करार नोंदवलेलाच नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे, अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीची जबाबदारीही मालकाचीच. नोंदणीचा खर्च वाचवणाऱ्या मालकांनी हे कलम एकदा वाचावे.

विम्याच्या दृष्टीने भाड्याच्या घरात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात: बांधकाम, सामान आणि दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी. बांधकामाचा विमा मालकाने काढायचा. सामान ज्याचे, विमा त्याचा. जबाबदारीचा विमा दोघांनाही लागतो, पण भाडेकरूला अधिक. ज्या वस्तूच्या नुकसानीने आपल्या खिशाला चाट बसते तिचाच विमा आपल्याला काढता येतो. म्हणून मालकाच्या पॉलिसीतून भाडेकरूच्या लॅपटॉपचे पैसे मिळत नाहीत, आणि भाडेकरूच्या पॉलिसीतून मालकाच्या छताचे.

मालकाची बाजू आधी. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. शब्दरचना सगळीकडे तीच, त्यामुळे तुलना फक्त हप्त्याची आणि सेवेची करायची. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, झाड किंवा वाहन आदळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणे किंवा भरून वाहणे, हे सारे तिच्यात आहे. मालकाची चूक होते ती विमा रक्कम ठरवताना. नव्वद लाखांचा फ्लॅट म्हणून नव्वद लाखांचा विमा मागितला जातो. जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. विमा काढायचा तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. समजा चटई क्षेत्र ६५० चौरस फूट आणि बांधकामाचा चालू दर चौरस फुटाला २,५०० रुपये. विमा रक्कम १६ लाख २५ हजार रुपये. त्यावर हप्ता भरायचा, नव्वद लाखांवर नाही. दर मात्र आजचा घ्यावा, खरेदीखतातला नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत ही रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

या पॉलिसीत विमा रक्कम थोडी कमी लागली म्हणून दाव्याला त्या प्रमाणात कात्री लावली जात नाही. जुन्या आगीच्या पॉलिसींत ती लागायची आणि अनेकांच्या मनात तीच भीती अजून आहे. अर्थात विमा रकमेपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. राडारोडा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत वेगळी तरतूद आहे. ती मागायला लोक विसरतात.

बांधकामाच्या विम्याबरोबर घरातल्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण यादी न देताही मिळते. वरच्या उदाहरणात ते ३ लाख २५ हजार होते. फर्निश्ड फ्लॅट देणाऱ्याला हे पुरते की नाही ते पाहावे लागते: एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, बेड, सोफा, मॉड्युलर किचनचा हलणारा भाग. भिंतीत पक्के बसवलेले ते बांधकामात धरतात, उचलून नेता येते ते सामानात.

यापुढचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. घर स्वतः राहायला म्हणून विमा काढला आणि नंतर ते भाड्याने दिले, तर विमा कंपनीला कळवणे ही पॉलिसीतली अट आहे. पत्ता बदलणे, बांधकामात फेरफार करणे, वापर बदलणे हेही त्याच यादीत येते. एक ई-मेल पाठवायचा, सोबत नोंदणीकृत कराराची प्रत जोडायची आणि कंपनीकडून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदल नोंदवल्याचा कागद, मागून घ्यायचे. एजंटला फोनवर सांगितले, ही पोच होत नाही. राहण्यासाठी दिलेल्या घरात भाडेकरूने क्लास, दवाखाना, ब्युटी पार्लर किंवा डबे पुरवायचे स्वयंपाकघर थाटले, तर ते घर राहते घर उरत नाही. गृह रक्षा पॉलिसी राहत्या घरांसाठीच आहे. व्यवसायासाठी पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर महिना-दोन महिने कुलूपबंद राहते, त्याकडेही लक्ष हवे. घर सलग किती दिवस रिकामे चालते याची अट अनेक पॉलिसींत असते. ती पाहावी आणि मुदत ओलांडणार असेल तर आधीच कळवावे.

गृहकर्ज असेल तर आणखी एक गोंधळ ठरलेला. ‘बँकेने विमा काढलाय’ असे मालक खात्रीने सांगतो आणि कागद उघडला की तो निघतो कर्जदाराच्या आयुष्याचा. कर्जदार गेला तर कर्ज फिटेल. घर जळले तर त्या पॉलिसीतून एक रुपयाही येणार नाही. पॉलिसी खरोखर घराची असली आणि तिच्यात बँकेचे नाव असले, तर दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. दुरुस्तीला ते केव्हा आणि कसे सोडणार, हे शाखेकडून लेखी घेतलेले बरे.

सोसायटीच्या विम्याबद्दल. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, इमारतीचा आग आणि भूकंपापासून विमा काढणे सोसायटीवर बंधनकारक आहे आणि त्याचा हप्ता सदस्यांकडून मेंटेनन्समधून वसूल होतो. किती सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर त्या पॉलिसीचे पहिले पान लावलेले दिसते? बहुतेक सदस्यांनी ते पाहिलेलेच नसते. मालकाने सेक्रेटरींकडून त्या पानाची प्रत मागावी आणि चार गोष्टी पाहाव्यात: मुदत कधी संपते, विमा रक्कम किती, ती कोणत्या वर्षीच्या बांधकाम दराने काढली, आणि फ्लॅटच्या आतले काम, म्हणजे फरशी, आतले वायरिंग, बाथरूमचे फिटिंग, तिच्यात धरले आहे की फक्त सांगाडा आणि सामाईक जागा. आतले काम नसेल तर मालकाने स्वतःची पॉलिसी घ्यावी. असेल तर दोन पॉलिसींतून एकाच नुकसानीचे दुप्पट पैसे मिळणार नाहीत, दोन कंपन्या वाटून देतील. म्हणून एकमेकींची माहिती दोघींना द्यावी. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर मालक बिनभोगवटा शुल्क निमूट भरतो आणि ते भरले म्हणजे सोसायटीवर काही जबाबदारी आली असे समजतो. त्या शुल्काचा विम्याशी काडीचा संबंध नाही.

आता भाडेकरू. त्याला फक्त सामानाची पॉलिसी घेता येते; बांधकामाचा विमा घेण्याची गरज नाही आणि तसा आग्रह कोणी धरला तर तो मानू नये. अडचण चोरीची आहे. गृह रक्षा पॉलिसीत नेहमीची घरफोडी येत नाही. आग, पूर किंवा अशीच एखादी विमित घटना घडल्यापासून सात दिवसांत, त्याच घटनेमुळे, झालेली चोरी तेवढी येते. पूर ओसरल्यावर उघड्या घरातून टीव्ही गेला तर पैसे मिळतील. दिवाळीला गावी गेल्यावर कडीकोयंडा तोडून नेला तर नाहीत. त्यासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण किंवा ‘हाउसहोल्डर’ प्रकारची पॅकेज पॉलिसी लागते. घरफोडीच्या संरक्षणात जबरदस्तीने आत शिरल्याची खूण सहसा मागितली जाते. दुसरी किल्ली मालकाकडे, तिसरी कामवाल्या बाईंकडे, चौथी जुन्या भाडेकरूकडे राहिलेली, अशा घरात कुलूप न तुटता चोरी झाली की दावा तिथेच अडकतो. घर ताब्यात घेतल्या दिवशी लॅच बदलावा आणि तो खर्च कोणाचा ते करारात असावे. तीन-चार मुले मिळून फ्लॅट घेतात तिथे एकाच्या नावची पॉलिसी बाकीच्यांचे सामान धरत नाही, हेही सांगून ठेवतो.

स्वयंपाकाच्या गॅसचे प्रकरण निराळेच. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी सामूहिक विमा घेतलेला असतो. अपघातात मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्यातून एका घटनेत २ लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात, पण नोंदलेल्या पत्त्यावरच. भाडेकरू जुन्या घराचे कनेक्शन पत्ता न बदलता इकडे आणतो किंवा ओळखीने सिलिंडर मिळवतो, तेव्हा हा आधार सुटतो. पत्ता बदलून घ्यायला वितरकाकडे नोंदणीकृत करार चालतो. नळी पाच वर्षांनी बदलावी, तारीख तिच्यावर छापलेली असते.

मालक-भाडेकरू भांडणाचे मूळ बहुतेक वेळा आगीत नसते, पाण्यात असते. इथे एकच कसोटी लावायची: नुकसान अचानक झाले की हळूहळू? टाकी फुटली, वॉशिंग मशीनची नळी निसटली, फ्लश टँकचा व्हॉल्व्ह तुटून रात्रभर पाणी वाहिले, हे पॉलिसीत बसते. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतून वर्षभर मुरलेले पाणी आणि त्यातून फुगलेली भिंत ही झीज झाली. तिला कोणताही आगीचा विमा पैसे देत नाही, ती दुरुस्ती मालकाची. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचे फॉल्स सीलिंग खराब झाले तर प्रश्न जबाबदारीचा होतो. नळ उघडा टाकून भाडेकरू बाहेर गेला तर जबाबदारी त्याची. भिंतीतला जुना लोखंडी पाइप सडला तर मालकाची. दोघांच्याही पॉलिसीत सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचा, विभाग असेल तर शेजाऱ्यासमोर तोंड लपवायची वेळ येत नाही. फक्त गृह रक्षा पॉलिसी घेतली असेल तर हा विभाग मागून जोडून घ्यावा लागतो. भाडेकरूने आणखी एक नियम पाळावा: भिंतीला ओल दिसली की त्याच दिवशी फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. पुढे ‘तुम्ही कळवले असते तर’ असे कोणी म्हणू लागले की हाच पुरावा कामी येतो.

शॉर्ट सर्किटमध्ये असाच एक बारकावा आहे. जास्त दाबाने किंवा शॉर्ट सर्किटने जो गीझर जळला त्याचे स्वतःचे पैसे मिळत नाहीत; तिथून पसरलेल्या आगीत जे जळले त्याचे मिळतात. म्हणजे गीझर गेला आणि बाथरूमचा दरवाजा, माळा, पडदे जळाले, तर दावा दरवाजा, माळा आणि पडद्यांचा. गीझर कोणी बदलायचा हे पुन्हा करारावर आले. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली दुरुस्तीची वाटणी इथे उपयोगी पडते: मुख्य बांधकाम, रंग, पाइप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे, नळ, स्विच-सॉकेट, गीझर आणि सर्किट ब्रेकरची दुरुस्ती, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. हा केवळ नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. पण ती यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडायला कोणाची हरकत असणार?

डिपॉझिटबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे मालक नकळत स्वतःचाच दावा बुडवतो. भाडेकरूच्या हलगर्जीपणाने आग लागली म्हणून मालकाचा दावा नाकारला जात नाही; मालकाने स्वतः मुद्दाम किंवा संगनमताने केले असेल तरच नाकारला जातो. कंपनी मालकाला पैसे देते आणि मग मालकाच्या जागी उभी राहून भाडेकरूकडून ते वसूल करू शकते. विम्याचे हे जुने तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये सविस्तर मांडले आहे. त्यामुळे ‘मालकाचा विमा आहे, आपण सुटलो’ हा भाडेकरूचा समज चुकीचा. आणि घटनेनंतर मालकाने ‘आमचा आपसांत हिशेब मिटला, आता काही मागणे नाही’ असे लिहून दिले, की कंपनीचा वसुलीचा हक्क मारला जातो आणि ती मालकाच्या दाव्यावर बोट ठेवू शकते. वसुली सोडायची असेल तर ती घटनेच्या आधी, करारात, कंपनीला कळवून सोडावी. तसेच कंपनीकडूनही दुरुस्तीचे पूर्ण पैसे आणि वर डिपॉझिटही जप्त, हे चालत नाही. एका नुकसानीची भरपाई एकदाच.

करारात पुढील अर्थाची कलमे असली तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत. ‘इमारतीच्या बांधकामाचा व परिशिष्ट ‘अ’मधील मालकाच्या वस्तूंचा विमा मालकाने स्वतःच्या खर्चाने कराराच्या संपूर्ण मुदतीत चालू ठेवावा व पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत भाडेकरूस द्यावी. भाडेकरूच्या वस्तूंचा विमा ही भाडेकरूची जबाबदारी राहील. भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीपोटी डिपॉझिटमधून कपात करायची झाल्यास ती विमा कंपनीकडून मिळालेली रक्कम वजा जाता उरलेल्या खर्चाएवढीच असेल. घर राहण्यायोग्य नसल्यास त्या काळाचे भाडे आकारले जाणार नाही, आणि ३० दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू नोटिशीशिवाय करार संपवू शकेल.’ परिशिष्ट ‘अ’मध्ये नुसते ‘एसी १, गीझर १’ लिहून भागत नाही. कंपनी, मॉडेल, खरेदीचे वर्ष आणि ताबा देतानाची अवस्था लिहावी, सोबत तारखेसह फोटो. नुकसान मोजायला विमा कंपनीकडून येणाऱ्या सर्व्हेअरला हीच यादी दाखवता येते.

भाडे बंद झाल्यावर मालकाचे काय? गृह रक्षा पॉलिसीत बुडालेल्या भाड्याची तरतूद आहे: विमित घटनेमुळे घर राहण्यायोग्य उरले नाही, तर दुरुस्तीला लागणाऱ्या वाजवी काळापर्यंत, कमाल तीन वर्षे. पण त्याची रक्कम शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या तक्त्यात, दिसायला हवी आणि दाव्याच्या वेळी घर राहण्यायोग्य नसल्याचा वास्तुविशारदाचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला लागतो. अर्धे भाडे रोखीत घेणाऱ्याला कागदावरचेच भाडे मिळेल. भाडेकरूनेही दुसऱ्या घराच्या वाढीव भाड्याचे संरक्षण आपल्या सामानाच्या पॉलिसीत आहे का, हे विकत घेतानाच विचारावे.

घटना घडल्यावर घाईने साफसफाई करू नये. मेन स्विच आणि पाणी बंद करणे, उघड्या खिडकीवर ताडपत्री टाकणे एवढे आवश्यकच, कारण नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाची जबाबदारी आहे. पण जळके सामान सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भंगारात द्यायचे नाही. कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत जायला हवा. अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, सोसायटीचे पत्र, दुरुस्तीची किमान दोन अंदाजपत्रके, मालकासाठी घराच्या मालकीचा कागद आणि नोंदणीकृत करार, भाडेकरूसाठी वस्तूंची बिले. बिल हरवले असेल तर ऑनलाइन खरेदीचा ई-मेल किंवा कार्डाचे स्टेटमेंट पुढे करावे. मालक आणि भाडेकरू वेगवेगळ्या कंपन्यांकडे दावे करतात तेव्हा घटनेचे कारण दोघांच्या अर्जात एकसारखे, म्हणजे खरे तेच, लिहिलेले असावे. एकाने ‘देव्हाऱ्यातली समई’ आणि दुसऱ्याने ‘वायरिंग’ लिहिले की दोन्ही दावे लांबतात.

दावा नाकारला तर कारण लेखी मागावे, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहावे आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विम्याच्या तक्रारी निवारणाऱ्या विमा लोकपालांकडे जावे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही आणि वकील लावता येत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते.

नोंदणी विभागाला आमची सूचना अशी: ऑनलाइन भाडेकरार भरताना डिपॉझिट आणि मुदतीचे रकाने भरावेच लागतात, तिथेच ‘बांधकामाचा विमा आहे काय, पॉलिसी क्रमांक व मुदत’ आणि ‘भाडेकरूच्या सामानाचा विमा कोणी काढावा’ असे दोन रकाने वाढवावेत. तोवर करार करून देणाऱ्या एजंटांनी आपल्या तयार मसुद्यात वरची कलमे घालून ठेवली तरी पुरे.

आपले,
भाडेकरार आणि गृहविमा दाव्यांची कामे पाहणारे काही वाचक